शेवटचा भाग : प्रेक्षक काय म्हणतात?



पत्रिकेत आमच्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि खाली विषय मात्र एका भयकथामालेच्या शेवटच्या भागाचा. छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असावा असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. घोटाळा झालेला नाही. चालक मंडळी आमच्याकडे आली तेव्हा कामगार कायद्यावर बोलावे असेच त्यांच्या मनात होते. त्या विषयावर आम्ही इतक्या ठिकाणी बोललो आहोत की तो ऐकणाऱ्यांना कळला की नाही कोण जाणे, आम्हांला मात्र झोपेतही पाठ झाला आहे. म्हणून आम्ही म्हटले की, या खेपेस आम्हांला दुसरे काही बोलू द्या. मंडळी हसली, पण नाही म्हणाली नाहीत. त्यांचे उपकार मानून मुद्द्यावर येतो.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर लावलेल्या नोटिशी वाचून, आणि तसे इंग्रजी फक्त माणसाला कामावरून काढण्याच्या उपयोगाचे असते. तेव्हा या विषयातले आम्ही अधिकारी आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आम्ही प्रेक्षक आहोत, आणि पंचवीस-तीस प्रेक्षकांच्या मध्ये बसून त्यांचे बोलणे ऐकलेले आहोत, एवढाच आमचा अधिकार.

झाले असे. आमच्या युनियनच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी निवृत्त झालेली, कारखाना बंद पडल्यामुळे घरी बसलेली मंडळी जमतात. पूर्वी सभा व्हायच्या. आता सभा घेण्याजोगे काही उरले नाही म्हणून चहा होतो. एका सभासदाचा मुलगा कॉलेजात शिकलेला. त्याने एक दिवस संगणक आणला, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि विचारले, "काय दाखवू?" बायका म्हणाल्या, "भुताचं दाखव." त्याने अमेरिकेतली एक जुनी मालिका लावली. काळीपांढरी चित्रे. मुलगा मधून मधून चित्र थांबवी, मराठीत अर्थ सांगे, पुन्हा चालू करी. असे कितीतरी शनिवार चालले, आणि एका शनिवारी त्या मालिकेचा शेवटचा भाग आला. त्या शेवटच्या भागाबद्दल आज बोलायचे आहे.

मालिकेचे नाव 'ट्वायलाइट झोन'. आमच्या मंडळींनी तिला 'तिन्हीसांजेचा मुलूख' म्हणावयास सुरुवात केली आणि ते नाव आम्हांला मूळ नावापेक्षा बरे वाटते. तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी घरात जो एक चमत्कारिक उजेड असतो, त्या उजेडातल्या या गोष्टी. सी.बी.एस. या अमेरिकन कंपनीने २ ऑक्टोबर १९५९ रोजी ती सुरू केली आणि पाच हंगामांत तिचे १५६ भाग झाले. दर भागाची गोष्ट निराळी, माणसे निराळी, गाव निराळा. धारप-मतकरींचे कथासंग्रह आपण वाचले असतील, तसा हा टेलिव्हिजनवरचा कथासंग्रह समजा. पिशाच्चे त्यात थोडी आहेत, धास्ती फार आहे.

या मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग. १५६ पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. हा आकडा ऐकून आमच्या एका जुन्या जॉबरने विचारले, "ओव्हरटाइम मिळाला का त्याला?" सर्लिंग मूळचा भुताचा लेखक नव्हे. महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून पॅसिफिकच्या बाजूला लढलेला. १९५५ साली त्याने 'पॅटर्न्स' नावाचे नाटक टेलिव्हिजनसाठी लिहिले. मोठ्या कंपनीच्या कचेरीत वयस्क अधिकाऱ्याला मालक कसा पद्धतशीर झिजवून काढतो याची ती गोष्ट. त्या नाटकाने त्याचे नाव झाले. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी पळवून नेऊन ठार मारले आणि ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. सर्लिंगने त्या प्रकरणावर लिहावयास घेतले. पण टेलिव्हिजनवर नाटक म्हणजे जाहिरातदाराच्या पैशावर. १९५६ साली ते नाटक प्रत्यक्ष दिसले तेव्हा गोष्ट दक्षिणेतून उचलून उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडात नेऊन ठेवलेली होती, आणि मेलेला माणूस काळा राहिला नव्हता. दक्षिणेची आठवण होऊ नये म्हणून कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा दृश्यातून काढल्या म्हणतात. तेव्हा सर्लिंगच्या ध्यानात आले की, जे माणसाच्या तोंडून बोलू देत नाहीत ते मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडून बोलू देतात. त्यातून ही मालिका निघाली. आमच्याकडे भारुडात वेड्याच्या आणि मुक्याबहिऱ्याच्या तोंडून जे सांगितले जाई, ते सरळ कीर्तनात सांगितले असते तर किती जणांनी ऐकून घेतले असते?

आता शेवटच्या भागाकडे येऊ. १९६४ च्या जानेवारीअखेर कंपनीने ठरविले की मालिका पुढे चालवावयाची नाही. कारखाना बंद होण्याची नोटीस लागली म्हणा. पुढचे भाग ठरल्याप्रमाणे येत राहिले आणि १९ जून १९६४ रोजी, शुक्रवारी, 'दि बिविचिंग पूल' म्हणजे 'मंतरलेला हौद' हा भाग दाखविण्यात आला. त्यानंतर जुनेच भाग पुन्हा दाखवीत राहिले आणि सप्टेंबरात पडदा पडला. निरोपाचे भाषण नाही, हार नाही, नारळ नाही. त्या काळी तशी चालही नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा भाग शेवटचा म्हणून कोणी लिहिला नव्हता, शेवटचा म्हणून कोणी केलाही नव्हता. तो २० मार्चला दाखवावयाचा ठरला होता. त्यात अडचणी आल्या, तो मागे पडला आणि मागे पडता पडता शेवटी आला. सर्वांत शेवटी चित्रित झालेला भाग निराळाच, तो २२ मेला दाखवूनही झाला होता. म्हणजे रांगेत उभे राहता राहता ज्याचा नंबर शेवटी लागला, त्याला आपण 'शेवट' म्हणतो आहोत. ज्या मालिकेत एकच गोष्ट पुढे चालते, तिच्या शेवटच्या भागात धागे जुळवावे लागतात. तेथे प्रेक्षकाने हिशेब मागावा हे रास्तच. कथासंग्रहातली शेवटची कथा मात्र फक्त शेवटच्या पानावर असते.

पण प्रेक्षक तसे मानीत नाही. त्यात आम्हीही आलो. शेवटचा भाग म्हटला की आपण सरसावून बसतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका श्रीमंत घरातली दोन मुले. मुलगी स्पोर्ट आणि तिचा धाकटा भाऊ जेब. घर मोठे, अंगणात पोहण्याचा हौद, आणि आईबाप दिवसभर एकमेकांशी भांडणारे. मुलांशी बोलतात ते खेकसून. एक दिवस हौदातून एक मुलगा डोके वर काढतो. डोक्यावर गवताची टोपी, खेडवळ बोलणे. तो म्हणतो, चला माझ्याबरोबर. दोघे बुडी मारतात आणि वर येतात ती एका नदीकाठी. तेथे टी मावशी नावाची म्हातारी राहते. तिच्याकडे पुष्कळ मुले आहेत, ज्यांच्या आईबापांना त्यांची किंमत नव्हती अशी. ती त्यांना केक देते आणि कामेही सांगते. पुढे आईबाप मुलांना समोर बसवून आपण घटस्फोट घेत आहोत असे सांगतात. मुले धावत सुटतात, हौदात उडी घेतात. बाप पाण्यात शोधतो. हौदात कोणी नाही. तिकडे नदीकाठी मुलांच्या कानांवर आईबापांच्या हाका पुसट पुसट येतात आणि मग येत नाहीत.

ही गोष्ट अर्ल हॅमनर याने लिहिली. हा व्हर्जिनियातल्या एका खेड्यातला माणूस. पुढे १९७२ पासून 'द वॉल्टन्स' ही खेड्यातल्या कुटुंबाची मालिका त्याच्या नावाने गाजली. कॅलिफोर्नियात राहत असताना आजूबाजूच्या घरांतले घटस्फोट आणि त्यात होणारी मुलांची फरफट पाहून ही गोष्ट सुचल्याचे त्याने सांगितले आहे.

आता प्रेक्षकांचे म्हणणे. या मालिकेचे भक्त साठ वर्षांनंतरही आहेत आणि ते १५६ भागांच्या याद्या करतात, पहिला नंबर कोणाचा, शेवटचा कोणाचा. त्यांपैकी पुष्कळांच्या यादीत 'मंतरलेला हौद' अगदी तळाला सापडतो. १९८२ साली या मालिकेवर एक जाडजूड पुस्तक निघाले, त्यातही या भागाबद्दल चांगले बोललेले नाही. इतक्या थोर मालिकेने असा निरोप घ्यावा काय, असा एकंदर सूर.

त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. भागाच्या आरंभी जे दृश्य दिसते तेच पुढे जसेच्या तसे पुन्हा दिसते. अर्ध्या तासाच्या गोष्टीत तीच मिनिटे दोनदा. आमच्या जॉबरने लगेच ओळखले, "सूत कमी पडलं, तेव्हा चिंधी लावली." गोष्टीचा रंगही एकसुरी आहे, शहर म्हणजे वाईट आणि खेडे म्हणजे चांगले. ज्याने खेड्यात पाटलाच्या वाड्यावर राबून शहराची वाट धरली, त्याला ही टी मावशी पटकन पटत नाही. आमच्या एका सभासदाने तर विचारलेच, "ती मावशी पोरांना कामाला लावते, पगार काय देते?"

दुसरे काही प्रेक्षक असे म्हणतात की, ही गोष्ट दिसते तितकी गोड नाही. मुले हौदात उडी मारतात आणि वर येत नाहीत, याचा साधा अर्थ काय? ती बुडाली. नदीकाठ, केक, म्हातारी हे सगळे बुडणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे. असे वाचले म्हणजे हा मालिकेतला सर्वांत भयंकर भाग ठरतो. लिहिणाऱ्याच्या मनात ते होते असे आम्हांला वाटत नाही. पण प्रेक्षकाच्या मनात जे येते ते अडविता येत नाही, आणि मालिकेचे नाव ध्यानात घेता त्यांना सर्वस्वी चूक तरी कसे म्हणावे?

तिसरा वर्ग थोडा आहे, पण आहे. ज्यांच्या लहानपणी घरात रोज भांडी आपटत होती, असे लोक हा भाग जिवापाड जपतात. त्यांना चिंधी दिसत नाही. हौदाच्या तळाशी एक दार असावे असे त्यांना सात वर्षांचे असताना वाटले होते, आणि ते दार कोणीतरी टेलिव्हिजनवर दाखविले एवढे त्यांना पुरते.

परंतु सर्वांत मोठी तक्रार आहे ती आवाजाची, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

स्पोर्टचे काम करणारी मुलगी मेरी बॅडहॅम. अलाबामा राज्यातली. १९६२ साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या चित्रपटात तिने काम केले आणि दहा वर्षांच्या वयात तिचे नाव ऑस्कर पारितोषिकासाठी घेतले गेले. तिला पारितोषिक मिळाले नाही, पण असली नैसर्गिक पोरगी पडद्यावर पूर्वी क्वचित दिसली होती. दक्षिणेकडची तिची बोली, तोंडात जरा रेंगाळणारी. 'मंतरलेला हौद' चित्रित झाला तेव्हा बाहेरच्या दृश्यांत आजूबाजूचा गोंगाट इतका आला की बोलणे वापरता येईना. पुन्हा बोलून घ्यावयाचे ठरले. भावाचे काम करणारा मुलगा कॅलिफोर्नियातच होता, त्याने आपले बोलणे पुन्हा बोलून दिले. मेरी मात्र अलाबामाला घरी परत गेली होती. तिला परत आणावयाचे तर विमानाचे भाडे. ते खर्चिक वाटले. म्हणून जून फोरे नावाच्या अनुभवी बाईंना बोलाविले, आणि त्यांनी त्या मुलीचा आवाज काढला.

जून फोरे ही लहानसहान बाई नव्हे. व्यंगचित्रपटांत खारीपासून चेटकिणीपर्यंत शेकडो आवाज तिने काढले. २०१७ साली, ९९ वर्षांची होऊन ती वारली. तिच्या कसबाबद्दल आमची काही तक्रार नाही. कारागिराला मालक जे काम देतो ते तो करतो. पण मोठ्या बाईने काढलेला लहान मुलीचा आवाज तो. मुलीचे ओठ हलतात आणि भलतेच कोणी बोलते. त्यातून गंमत अशी, गंमत म्हणवत नाही, की याच हंगामात, १ नोव्हेंबर १९६३ ला, 'लिव्हिंग डॉल' नावाचा भाग आला होता. त्यात एक बोलकी बाहुली घरातल्या सावत्र बापाला धमक्या देते आणि शेवटी त्याचा जीव घेते. त्या बाहुलीचा आवाजही जून फोरेचाच. ज्यांनी तो भाग पाहिला होता त्यांना या शेवटच्या भागात एका दुःखी मुलीच्या तोंडातून खुनी बाहुली बोलते आहे असे ऐकू आले, तर त्यांचा काय दोष?

हे सर्व आम्हांला पुढे वाचून कळले. त्या शनिवारी यातले काही ठाऊक नव्हते. भाग सुरू झाला. आमच्यात एक मावशी येतात. वय सत्तरीच्या घरातले, वाइंडिंग खात्यात आयुष्य गेलेले. कानांनी जरा कमी ऐकू येते, कारण त्या खात्यात ज्यांनी तीस वर्षे काढली त्यांना कमीच ऐकू येते. इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. चित्र सुरू होऊन दोन मिनिटे झाली नाहीत तोच त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्या पोरीचा आवाज हिचा न्हवं."

मुलगा म्हणाला, "आजी, जुनी प्रिंट आहे, आवाज तसाच येतो." मावशी म्हणाल्या, "भावाचा बरा येतोय की मग."

पुढे आणखी एकदा त्या बोलल्या. आईबाप मुलांना समोर बसवून निर्णय सांगतात ते दृश्य चालू होते. मुलाने अर्थ सांगितला. मावशी म्हणाल्या, "ह्यांनी ठरवलं, आन् पोरांना इचारलं कुठं?"

आम्ही शेवटच्या भागावर मंडळींची मते घ्यावयाची ठरविली होती. कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. मते भरपूर पडली. बहुतेकांचे म्हणणे असे पडले की शेवट हा नव्हेच. शेवट त्याच्या आधीच होऊन गेला. त्यांच्या मनातला शेवट म्हणजे १५ मे १९६४ चा 'दि ब्रेन सेंटर ॲट व्हिपल्स' हा भाग. व्हिपल नावाचा कारखानदार सगळा कारखाना यंत्रांच्या हवाली करतो आणि कामगारांना घालवून देतो. जुना फोरमन डिकरसन एका रात्री पिऊन येऊन यंत्र फोडू लागतो. मालक त्याच्यावर गोळी झाडतो. शेवटी कारखान्याचे संचालक मंडळ त्या मालकालाही काढून टाकते. तो दारूच्या गुत्त्यात बसून रडतो, आणि इकडे त्याच्या कचेरीत एक यंत्रमानव त्याच्याच लकबीने साखळीला लावलेली किल्ली गरगर फिरवीत उभा असतो. हा भाग दाखविला तेव्हा आमच्या कचेरीत टाळ्या पडल्या होत्या. "असा शेवट पाहिजे," जॉबर म्हणाला, "मालकाला उतरवणारा." आम्हीही कागदावर तसेच लिहीत होतो. सर्लिंगने स्वतः लिहिलेला, कामगारांचा, ठसठशीत. त्यानेच मालिका मिटविली असती तर किती शोभले असते!

मावशींचे मत विचारले. त्या म्हणाल्या, "त्यो कारखान्याचा तुमाला आवडला. त्यात आमी न्हाई." आम्ही विचारले, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "त्यात मालक बोलतो, फोरमन बोलतो. आमी कुठं हाय? ह्या पोरीच्यात आमी हाय. ओठ हलत्यात, आवाज दुसऱ्याचा."

आणि मग त्या थोडे थांबून म्हणाल्या, "तुमीबी आमचं असंच बोलला हुता, भाऊ."

बंधुभगिनींनो, त्या कशाबद्दल बोलत होत्या ते सांगावयास पाहिजे. न सांगता पुढे गेलो तर हे व्याख्यान खोटे होईल. २००९ साली एक कारखाना बंद झाला. नाव सांगत नाही. मालकाने देणी देण्याचा करार पुढे केला. त्यात दोन गोष्टी होत्या. ज्यांना पाहिजे त्यांनी नोकरीच्या दर वर्षामागे ठराविक रक्कम घ्यावी. किंवा वाइंडिंगचे खाते गावाबाहेर नव्या शेडमध्ये हलविणार, तेथे चौदा बायकांना घेऊ, पण रोख रक्कम मिळणार नाही. बोलणी रात्री नऊला सुरू होत आणि साडेअकरा-बाराला संपत. बायका त्या वेळी येऊ शकत नव्हत्या. आम्ही त्यांच्या वतीने बोललो. आम्ही म्हणालो, "बायकांना इतक्या लांब जाणे-येणे झेपणार नाही. त्यांना रोख रक्कमच हवी आहे." हे आम्ही फार ठासून सांगितले. आवाजात कळवळाही होता. ते त्यांचे म्हणणे आहे की नाही, हे आम्ही त्या चौदांपैकी एकीलाही विचारले नव्हते.

पुढे कळले की त्यांना काम हवे होते. रक्कम घरातल्या पुरुषांच्या हातात जाणार हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि बहुतेकींच्या बाबतीत तसेच झाले. नवी शेड चालू झाली, तेथे बाहेरच्या मुली निम्म्या मजुरीवर आल्या. करारावर आमची सही आहे.

त्याआधी आम्ही त्या कारखान्यात बावीस वर्षे युनियनचे काम केले होते. बोनस मिळवून दिला, बडतर्फ झालेल्यांना परत घेवविले, पाळणाघर चालू करविले. पण लोक आमच्याबद्दल बोलतात ते त्या शेवटच्या करारावरून. पुष्कळ वर्षे आम्हांला याचा राग येत असे. एकशे पंचावन्न भागांकडे कोणी पाहत नाही आणि शेवटच्या एका भागावरून निकाल लावतात, अशी आमची समजूत. म्हणजे अर्थात तेव्हा आम्ही ही मालिका पाहिली नव्हती, पण राग त्याच जातीचा होता. म्हणून आज आरंभी आम्ही जे ठासून सांगितले, की शेवटचा भाग केवळ रांगेतल्या नंबरामुळे शेवटचा होतो, ते सांगताना आमच्या मनात आमचीही वकिली चालली होती, हे आपण ओळखलेच असेल.

तो मुद्दा आम्ही मागे घेत नाही. 'मंतरलेला हौद' मालिकेचा निरोप म्हणून तोलणे अन्यायाचे आहे. पण मावशींनी तो निरोप म्हणून तोललाच नव्हता. कितवा भाग आहे हेदेखील त्यांनी विचारले नाही. त्यांनी पाहिली ती एवढीच गोष्ट : एका मुलीचे कोणी ऐकत नाही, अशी कथा करावयास बसलेल्या लोकांनीच भाड्याचे पैसे वाचविण्यासाठी त्या मुलीचा आवाज काढून घेतला. हा दोष पहिल्या भागात असता तरी तेवढाच ठरता. साठ वर्षे लोक म्हणत आले की आवाज वाईट आहे, जुळत नाही, कानाला खटकतो. ते खरेच आहे. खटकण्याचे कारण मात्र एका कमी ऐकू येणाऱ्या बाईने सांगितले.

ही मालिका पुढे तीनदा नव्याने निघाली, १९८५ साली, २००२ साली आणि २०१९ साली, आणि तिन्ही वेळा बंद झाली. म्हणजे शेवटचे भाग आणखी तीन झाले. ते आम्ही पाहिलेले नाहीत. सर्लिंग १९७५ साली, पन्नाशीतच, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला. आमच्या वयाहून लहान होता.

त्या शनिवारनंतर आम्ही मावशींच्या घरी गेलो. चौदांपैकी नऊ जणी आता हयात आहेत. त्या दिवशी तेथे सहा जणी होत्या. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगावे. आम्ही त्यांच्या वतीने येथे सांगणार नाही. मावशी आज येथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सर्व सांगण्यास त्यांची परवानगी आम्ही घेतलेली आहे. या वेळी विचारले.

निघताना त्यांनी आम्हांला विचारले, "त्या पोरीचं पुढं काय झालं?" आम्हांला वाटले गोष्टीतल्या मुलीचे विचारतात. तसे नव्हे, काम करणाऱ्या मुलीचे. आम्ही शोधून पाहिले आणि पुढच्या शनिवारी सांगितले. मेरी बॅडहॅमने चार-दोन कामे केली आणि लहान वयातच चित्रपट सोडले. घरसंसार झाला. मग २०२२ साली, सत्तरीला टेकलेली असताना, त्याच 'मॉकिंगबर्ड'च्या नाटकात ती अमेरिकेच्या गावोगावी फिरली. लहानपणी ज्या गोष्टीत मुलगी झाली होती, त्याच गोष्टीत आता शेजारची खाष्ट म्हातारी झाली.

मावशींनी विचारले, "आवाज तिचाच का?"

आम्ही म्हणालो, "नाटकच ते. रंगमंचावर उभी राहून बोलते. तिचाच."

"मग ते दाखवा की," मावशी म्हणाल्या.

ते आमच्याजवळ नाही. मुलगा म्हणाला, मिळते का पाहतो. अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे.